सोलापूरची कॅप्टन

"थांब, आधी वारा बघू," म्हणत ताई उठायच्या आणि खिडकीशी जायच्या. प्रश्न साधाच असायचा. कँटीनला जायचं का, शनिवारी जेवायला येता का, एवढाच. पण हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरून समोरच्या झाडांचे शेंडे नीट न्याहाळल्याशिवाय त्या उत्तर देत नसत. नवीन नर्सेस एकमेकींकडे बघून हसायच्या. जुन्या हसत नसत. त्यांना माहीत होतं, की ही बाई शिडाची बोट घेऊन फिजीला जाऊन आलेली आहे.

मी त्याच हॉस्पिटलात फार्मासिस्ट. ताई वॉर्डच्या चार्ज नर्स. ऑकलंडची मराठी मंडळी त्यांना ताई म्हणत म्हणून मीही म्हणू लागले, आणि त्यांचे यजमान ओघानंच भाऊजी झाले. ते इंजिनिअर. फ्लॅट बुश उपनगरात चार खोल्यांचं घर, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात नोकरी करणारी एकुलती लेक. असं कुटुंब तुम्हीही पाहिलं असेल. मीही त्यांना तसंच समजत होते.

ताई सोलापूरच्या. समुद्र त्यांनी पहिल्यांदा लग्नानंतर पाहिला. बोटीचं वेड खरं तर भाऊजींच्या ऑफिसातून आलं. एका सहकाऱ्यानं दोघांना संध्याकाळी आपल्या बोटीवर नेलं. भाऊजी पहिल्या दहा मिनिटांत बादली मिठीत घेऊन बसले. सहकारी त्यांच्याकडे बघायला गेला आणि जाताना सुकाणू ताईंच्या हातात देऊन गेला. ते त्यांनी धक्का येईपर्यंत परत दिलं नाही.

तेव्हा त्यांचं वय शेहेचाळीस, आणि पोहता येत नव्हतं. माउंट रॉस्किल उपनगरातल्या पोहण्याच्या तलावात, गुडघाभर पाण्याच्या बाजूला, चार-पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत या उभ्या राहिल्या. "पहिल्या दिवशी पोहण्याचे टॉग्ज घालून बाहेर आले ना, तर एका मुलीनं विचारलं, तू कुणाची आजी?" हे सांगताना त्या स्वतःच जास्त हसायच्या. पुढे बोटीचे सगळे कोर्स केले, परीक्षा दिल्या. लेक मोठी होऊन घराबाहेर पडल्यावर फ्लॅट बुशचं घर विकलं, एक जुनी अकरा मीटरची बोट घेतली आणि माउंट रॉस्किलला दोन खोल्या भाड्यानं. मराठी मंडळात दोन महिने दुसरा विषय नव्हता. लेक फोनवर म्हणाली, "आई, धिस इज क्रेझी." तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं.

इकडच्या उन्हाळाभर, नोव्हेंबर ते एप्रिल, ताई हॉस्पिटलात काम करत. मे महिन्यात वादळांचा हंगाम संपला की दोघं टोंगा, फिजी, वानुआतूकडे निघत आणि नोव्हेंबरात परत येत. एप्रिलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्या माझ्या खिडकीशी यायच्या. मी औषधांची पेटी भरून द्यायची, प्रत्येक डबीवर मराठीत चिठ्ठी चिकटवून. भाऊजींच्या उलटीच्या गोळ्यांचा कप्पा सगळ्यांत मोठा. "बोटीवर कॅप्टन ही," भाऊजी सांगायचे, "माझ्याकडे इंजिन, भांडी आणि बादली."

बोटीवर गोडं पाणी मोजून वापरावं लागतं. गोऱ्या बायकांना त्याचा फार त्रास होतो म्हणे. ताईंना नवल वाटायचं. "अगं, आमच्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं. टाकी भरलेली आहे म्हणजे चैनच की!" भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी एक पेलाभर गोडं पाणी. जेवायला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. वादळात चूल पेटवता आली नाही तरी अडत नसे. एकदा परत येताना तपासणीच्या अधिकाऱ्यानं ती भाकरी हातात घेऊन टेबलावर वाजवली आणि हे कशासाठी लागतं, असं विचारलं. ताईंनी चटणी लावून त्याला एक तुकडा दिला. दुसरा त्यानं मागून घेतला.

बेटांवर कुणाची जखम बांधून दे, कुणाचं बीपी बघ, हे चालूच. बदल्यात पपया आणि नारळ. फिजीच्या बाजारात तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या हिंदीला ह्या सोलापुरी हिंदीतून उत्तर द्यायच्या. दोन्ही बाजूंना निम्मंच कळायचं, गप्पा मात्र तासभर.

मग तो नोव्हेंबर आला.

सकाळचे अकरा वाजले होते. फार्मसीतला फोन वाजला. बोटीवरच्या सॅटेलाइट फोनवरून ताई होत्या. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, मध्ये खरखर. "मी बोलतेय. घाबरू नकोस. ह्यांच्या छातीत दुखतंय, घाम आहे, डाव्या हाताला कळ जातेय. अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली, जिभेखाली फवारा दिला. उलटीच्या गोळ्या चालू आहेत, त्याच्याबरोबर हे चालेल ना?"

"चालेल, ताई. त्या गोळ्या आता बंद ठेवा," मी म्हटलं. "आणि समुद्री बचाव केंद्राला कळवलंत?"

"त्यांचे डॉक्टर बोललेत. नीट सांगितलंय त्यांनी सगळं." मग एकदम, "जेवलीस का गं?"

सकाळी अकराला. मी हो म्हटलं. फोन तुटला.

त्या फिजी आणि न्यूझीलंडच्या अर्ध्या वाटेवर होत्या. बचाव केंद्राच्या सांगण्यावरून जवळून जाणारं एक मालवाहू जहाज वळून आलं. लाटा दोन माणसं उंच. भाऊजींना जहाजावर घ्यायचं तर दोराच्या शिडीनं वर चढवावं लागणार होतं. जहाजाचा कप्तान तयार होता, डॉक्टरांनी निर्णय ताईंवर सोडला होता. ताईंनी ती शिडी बोटीशेजारी आपटताना पाहिली आणि नाही म्हणून सांगितलं. "ती शिडी चढण्यातच गेले असते," त्या मला नंतर म्हणाल्या. "पण तेव्हा मला खात्री नव्हती. जहाज लांब जाताना बघत होते ना, तेव्हा अजिबात खात्री नव्हती."

चार दिवस त्यांनी एकटीनं बोट हाकली. वीस मिनिटांचा गजर लावून झोपायचं, उठून क्षितिज बघायचं, शिडं बघायची, खाली जाऊन नाडी बघायची. दर सहा तासांनी सॅटेलाइटवरून लेकीला आणि मला एक ओळ यायची: बोटीची जागा, नाडी, बीपी. चौथ्या दिवशी फक्त "किनारा दिसतोय" एवढंच आलं.

लेक विमानानं आली. तिला घेऊन मी चार तास गाडी चालवत उत्तरेकडच्या, त्यांची बोट लागणार होती त्या बंदराला गेले. अँब्युलन्स आधीच येऊन थांबली होती. भाऊजींना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ते शुद्धीवर होते, लेकीकडे बघून हसलेही. ताई बोटीतच बसून राहिल्या. उठवेना. हातांची बोटं दोर धरल्यासारखी वळलेली, उघडतच नव्हती. लेक त्यांच्या पायाशी बसली, कोमट पाण्यात कपडा बुडवून एकेक बोट सोडवू लागली. "बस आता, आई," ती म्हणाली. "पुढचं मी बघते." मराठीत.

भाऊजींचं बायपासचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ताई माझ्याजवळ बसल्या आणि पहिल्यांदाच रडल्या. भाऊजींना फिजीतच तीन दिवस दुखत होतं. त्यांनी लपवलं. सांगितलं असतं तर ताईंनी प्रवास रद्द केला असता, आणि ताईंचं मन मोडलं असतं, म्हणून. "तीस वर्षं मी पेशंटचा चेहरा बघून दुखणं ओळखते," त्या म्हणाल्या. "आणि हा माणूस माझ्यासमोर बसून रोज जेवत होता गं." मी मशीनची कॉफी आणून दिली. ती त्यांनी प्यायली नाही, नुसती हातात धरून बसल्या.

डॉक्टरांनी भाऊजींना खुल्या समुद्रावरचा प्रवास कायमचा बंद केला. ताईंनी बोट विकायची जाहिरात दिली आणि वॉर्डात पूर्णवेळ कामाला लागल्या. त्या हिवाळ्यात काहीही विचारलं की खिडकीकडे न जाता लगेच उत्तर द्यायच्या. मला ते बघवत नसे.

ती जाहिरात भाऊजींनी काढून टाकली, ताईंना न विचारता. त्यावरून त्या घरात मोठं भांडण झालं. खालच्या डेअरीवाल्यानंही ऐकलं म्हणे. भाऊजींचं म्हणणं एवढंच होतं: "फिजीला विमानं जातात. तू बोट घेऊन ये, मी तिकडे भेटतो. खाडीतल्या शांत पाण्यात राहायला मला कुणी मना केलेलं नाही. आणि बादली तरी सुटेल." ताई एकट्या जायला तयार होईनात. तेव्हा लेकीनं नोकरीत बिनपगारी रजा टाकली, कोर्स केले, आणि पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस आईबरोबर टोंगाच्या वाटेनं निघाली.

गेल्या जुलैत, मुलांच्या शाळेच्या सुट्टीत, आम्हीही फिजीला गेलो होतो. आदल्याच दिवशी मोठ्या बंदरात सरकारी सोपस्कार आटोपून ताईंची बोट आम्ही उतरलो होतो तिथल्या छोट्या धक्क्याला यायची होती. मी पोचले तेव्हा भाऊजी तिथे सकाळपासून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात जँडल्स म्हणतात तसल्या रबरी चपला, बगलेत एक पपई. "सहा आठवडे झाले," ते मला म्हणाले. "लग्नापासून इतके दिवस कधी..." आणि मान उंचावून समोर पाहू लागले.

पांढरं शीड टोकाच्या नारळांमागून पुढे आलं, मग उतरलं. बोट हळूहळू आत येऊ लागली. लेक सुकाणूवर, ताई पुढच्या टोकाला, हातात दोराचं वेटोळं. त्या खूप वाळल्या होत्या, काळ्या झाल्या होत्या, आणि वीस वर्षांनी लहान दिसत होत्या. त्यांनी दोर फेकला. भाऊजींनी पपई माझ्या हातात कोंबली, पुढे झाले, आणि दोर झेलून दोन्ही हातांनी बोट खेचायचा पवित्रा घेतला.

"अहो!" ताई पाण्यावरून ओरडल्या. "ओढू नका! नुसता धरून ठेवा!"

भाऊजींनी दोर नुसता धरून ठेवला. आणि ताई पलीकडून, हातावर हात टाकत, बोट त्यांच्याकडे ओढत आल्या.