मेलेल्या माशांना वजन नाही

आमचे पंपवाले चाचा पकडलेल्या माशाला क्षणभरही तडफडू द्यायचे नाहीत. गरीतून सोडवला, की कल्ल्यात अंगठा घालून मान मागे मोडायचे आणि मगच पुन्हा गरी टाकायचे. "जीव घ्यायचा तर एकदम घ्यावा, खेलवू नये," असं म्हणायचे. रत्नागिरीकडच्या खाडीवर त्यांना हे बापानं शिकवलं होतं, आणि बापानं शिकवलेलं चाचा कुराणाखालोखाल मानत.

नव्वदच्या दशकात ओमानमधल्या इब्राच्या बाहेर आमचा रस्त्याच्या कामाचा कॅम्प होता. मी टाइमकीपर. चिपळूणकडचा, पंचविशीचा, बरं इंग्रजी येत असल्यामुळे स्वतःला शहाणा समजणारा. टँकर भरायला खणलेल्या तळ्यावरचा पंप चाचा सांभाळायचे. त्या तळ्यात कुणीतरी कधी काळी तिलापी सोडली होती आणि ती भरमसाट वाढली होती. शुक्रवारी दुपारी चाचा गरवायला बसत आणि संध्याकाळी हळद-मीठ लावलेले दोन मासे माझ्या खोलीवर येत. न मागता.

थंडीत तिलापी तळाला जाऊन बसते, गरीकडे ढुंकून बघत नाही. चाचा तेव्हा कणकेच्या गोळीत खजूर आणि चिमूटभर हिंग मळायचे. "थंडीत त्याला भूक नसते, भाऊ. वास लागतो." मी हसायचो. पण मासे त्यांनाच लागायचे.

एका जानेवारीत आमच्या गोऱ्या साहेबाला घरची आठवण आली. त्याच्या देशात म्हणे तळ्याच्या कडेला बर्फ साचतं तरी माणसं टोपरी घालून गळ टाकून बसतात, आणि त्याच्या स्पर्धा होतात. तशी स्पर्धा त्यानं जाहीर केली. बक्षीस होतं पंधरा दिवसांची सुट्टी आणि जाण्यायेण्याचं तिकीट. चाचांच्या धाकट्या मुलीचा निकाह फेब्रुवारीत होता. त्यांच्या सुट्टीला अजून वर्ष होतं आणि अर्ज दोनदा परत आला होता. बक्षिसाची बातमी मीच पळत जाऊन त्यांना सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "तिकीट मुंबईपर्यंत ना?"

शुक्रवारी सकाळी वाळवंटातून असा वारा सुटला होता की बोटं वळत नव्हती. कोकणातली माणसं आम्ही, आम्हाला ती थंडी कुठली सोसायला! साहेबानं नियमांचा कागद माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना हिंदीत समजावून सांग म्हणाला. पहिला नियम वजनाचा होता. दुसरा असा, की मासे जाळीच्या पिशवीत, पाण्यात, जिवंत ठेवायचे. वजन झालं की परत सोडायचे. मेलेला मासा वजनात धरणार नाही. मला हे गोऱ्यांचे चोचले वाटले. मासा धरून परत सोडतात, हे कोकणी माणसाच्या डोक्यात शिरायचंच नाही. त्यात माझे दात वाजत होते. मी म्हणालो, "जिसका वजन जादा, वो जीतेगा. यल्ला, चलो." कागद खिशात घातला आणि ऑफिसच्या कंटेनरमध्ये हीटरपाशी चहा पीत बसलो.

तीन तासांनी बाहेर आलो. बहुतेकांच्या पिशव्या रिकाम्या होत्या. साहेबाच्या ड्रायव्हरला ही रीत साहेबाकडूनच ठाऊक असावी; त्याची पिशवी पाण्यात होती, त्यात तीन मासे. चाचांची पिशवी त्यांच्या पायाशी कोरड्या दगडावर होती. एकवीस मासे, सगळ्यांच्या माना मोडलेल्या, नीट एका बाजूला तोंडं करून रचलेले. चाचा मुलाखतीला आलेल्या माणसासारखे ताठ उभे होते.

साहेब पिशवीकडे बघत राहिला. मग त्यानं मला विचारलं, सगळे नियम वाचून दाखवलेस ना? मी म्हणालो, "येस सर." एवढंच. खिशातला कागद हाताला लागत होता. तिकीट ड्रायव्हरला मिळालं. चाचांना इंग्रजी येत नव्हतं. टाळ्या ड्रायव्हरसाठी का वाजतायत हे त्यांना बराच वेळ कळलंच नाही.

संध्याकाळी, कुणाकडून तरी नियम कळल्यावर, ते माझ्या खोलीवर आले. हात रिकामे.

"कागदात लिवलेलां होता?"

"होतं, चाचा."

"मग तू सांगितलांस नाय?"

थंडी होती, असं मी म्हणालो. ते दारातूनच परत गेले. शिवी दिली असती तर मी आयुष्यभर त्यांचा ऋणी राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी ते मला फोनच्या बूथवर घेऊन गेले. गावी शेजारच्या घरात फोन लावला, मुलीला बोलावून घेतलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तू सांग तिला." मी तिला सांगितलं की साहेबानं सुट्टी दिली नाही. पलीकडे ती रडायला लागली. चाचांनी रिसीव्हर काढून घेतला. "साहेबानं नाय अडवलां गो," ते म्हणाले. "आता तुझ्याशी बोलला ना, त्यानं अडवलां." मग जेवणाला किती माणसं येणार ते विचारत राहिले. मी तिथेच उभा होतो.

निकाह त्यांच्याविना झाला. पुढे वर्षभर ते मेसमध्ये समोर आले की सलाम करायचे, मीठ मागितलं तर मीठ पुढे सरकवायचे. वागण्यात तसूभर फरक नव्हता. फक्त तळ्यावर गरी टाकताना ते मला पुन्हा दिसले नाहीत.

सुट्टीचं वर्ष भरलं तेव्हा रजेचा फॉर्म भरायचं काम माझ्याचकडे आलं. नाव, पासपोर्ट, तारीख लिहून झाली. रजेचं कारण काय, मी विचारलं.

"कारन?" चाचा म्हणाले. "ता गेल्या सालीच खलास झाला. तुला वाटेल ता लिव."

मी 'घरगुती' असं लिहिलं. त्यांनी खाली अंगठ्यासारखी जाड सही केली. त्या रजेवरून ते परत आले नाहीत.