कॅनॉलपासून ऐकू येणारी गाडी

गॅरेजात वेल्डिंगचा वास आला की मला कोरेगावच्या घराचं फाटक आठवतं. माझ्या छोट्या लाल गाडीला मी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता. तोफखान्यात कान अधू झालेले वडील दर शनिवारी मी घरी आलो की चिडायचे, "गाव उठवतोस रं!" शेवटी मी कंपनीचा शांत सायलेन्सर परत लावला. त्या शनिवारी शिरवळहून नोकरीवरून आलो, तर फाटक बंद आणि वडील आत पाठमोरे बसलेले. खांद्यावर हात ठेवताच दचकले. "कवा आलास? आदी गाडीचा आवाज कॅनॉलपासनंच कळायचा, तवा फाटक उघडून ठेवायचो." दुसऱ्याच दिवशी मी तो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर वेल्डिंग करून पुन्हा चढवला. त्यानंतर चाकं, सीट, स्प्रिंगा सगळं बदललं, तो मात्र तसाच आहे. वडील अजूनही चिडतात, उघड्या फाटकात उभे राहून.