दाराबाहेरची खुर्ची

आमच्या घरात बाथरूम एक आणि माणसं तीन. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

मी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मागच्या खोलीत बसून आल्टरेशनचं काम करते. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कमरा सैल करायच्या. घट्ट कोणी करून घेत नाही. संध्याकाळी मान अशी आखडलेली असते की मागून कोणी हाक मारली तर मला अख्खं वळावं लागतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. माणसं मधल्या मजल्यावर अडकली की त्याला बोलावणं येतं, मग तो जेवत असो की झोपलेला असो. आणि तिसरे अण्णा, माझे सासरे. त्यांच्याबद्दलच सांगायचंय.

अण्णांचं सगळं आयुष्य एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये गेलं. पुढे मालक, दिवे, आरसा, केस विंचरून तयार होणारी गिऱ्हाइकं. मागे काळ्या पडद्याआड अण्णा. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत भिंतीवर त्यांच्या हातचे फोटो आहेत. त्या घरांतल्या कोणालाही अण्णा रस्त्यात ओळखू आले नसते. ते घरी यायचे ते फोटो धुवायच्या औषधांचा आंबूस वास घेऊन, असं सासूबाई सांगायच्या. सदरा धुतला तरी तो वास जात नसे. बोलणं कमी. कोणाकडे काही मागणं तर त्याहून कमी. पाणी हवं असलं तरी स्वतः उठतील, पण ‘जरा दे गं’ म्हणणार नाहीत.

स्टुडिओतल्या त्यांच्या डार्करूमबाहेर लाल दिवा होता. तो लागला की दार उघडायचं नाही, खुद्द मालकानेही नाही. एकदा मालकाचे कोणी बडे पाहुणे उत्साहाच्या भरात आत डोकावले आणि उजेड लागून एका कुटुंबाचा अख्खा समारंभ काळा झाला. त्या दिवशी अण्णांचा आवाज म्हणे रस्त्यापर्यंत ऐकू आला होता. पुढे नवरा शाळेत जायला लागला, डबा घेऊन स्टुडिओत जायला लागला, पण त्या खोलीचं दार त्याच्यासाठी कधीच उघडलं नाही. ‘लहान आहेस, हात लावशील,’ म्हणून. मोठा झाला तेव्हा, ‘तुला काय करायचंय त्याचं,’ म्हणून.

मग सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि स्टुडिओ बंद पडला. मालकाने जाताना अण्णांना एन्लार्जर दिला, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं ते यंत्र. कौतुकाने दिला की भंगारवाला नेईना म्हणून दिला, देव जाणे. अण्णांनी तो चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. सासूबाई गेल्या, तरी ते त्या खुर्चीतच होते.

प्रोस्टेटचा त्रास त्यानंतरचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लघवीला लागली की लगेच जायचं, धरून ठेवायची नाही. धरून ठेवणं त्यांच्या हातातही राहिलं नव्हतं. मला हे कळलं ते दोरीवरच्या पायजम्यामुळे. सकाळी मी उठायच्या आत टॉवेलच्या मागे एक पायजमा धुऊन वाळत घातलेला असायचा. पिळलेला असायचा जेमतेम, खाली थारोळं. एक दिवस मी तो काढून नीट पिळला आणि पुन्हा वाळत घातला, तर अण्णा मागेच उभे.

“त्याला सांगू नकोस,” एवढंच म्हणाले.

“अहो अण्णा, मुलगाच आहे तुमचा. डॉक्टरकडे तोच घेऊन गेला होता ना?”

“गोळ्यांचं माहीत आहे त्याला. हे नाही. हे कळलं की तो मला हाताला धरून न्यायला लागेल. मग संपलंच.”

मी मान डोलावली. तेव्हा वाटलं, यात काय एवढं. एक पायजमा तर लपवायचाय.

आणि इकडे नवऱ्याच्या डोक्यात किडा शिरला. कुठल्याशा इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती. हा बाहेरून दार सोडवत होता आणि ती आतून घाबरून बोलतच होती. तिच्या गळ्यात फिल्मचा कॅमेरा; फोटो घरीच धुते, घरीच छापते, आता पुन्हा पुष्कळ लोक करतात, वगैरे वगैरे. बाई बाहेर आली, घाम पुसून निघून गेली. हा मात्र पेटून घरी आला आणि बूट न काढताच माळ्यावर चढला.

“अण्णांना खुर्चीतून उठवायचंय मला,” तो मला म्हणाला. “आणि एकदा तरी त्यांचं काम बघायचंय.”

मी शिडी धरली.

चादर सोडली तर आत निव्वळ गंज. खांबावरून यंत्राचं डोकं वर-खाली सरकायला हवं, ते जागचं हलेना. वायरचं रबर हात लावताच भुगा होऊन पडलं. आतल्या भिंगांवर बुरशीची जाळी, आणि मधला भाता, तो काळा घड्यांचा, त्याची तर चाळणी झालेली. दिवाणखान्यात वर्तमानपत्रं अंथरून नवऱ्याने सुट्टीचे दिवस त्यावर घालवले. लिफ्टचं ग्रीस, लिफ्टची वायर, लिफ्टची पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल. मी म्हटलं, एक दिवस हे यंत्रच वरच्या मजल्यावर जाईल.

अण्णा आधी खिडकीकडेच बघत होते. नवऱ्याने भिंगाला सँडपेपर लावायचा विचार बोलून दाखवला तेव्हा मात्र ते ताडकन उठले. ताडकन म्हणजे त्यांच्या मानाने. भिंग त्याच्या हातातून काढून घेतलं, साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसत बसले. दोन बोटांत कडेने धरायचं, मधे बोट लागू द्यायचं नाही, एकाच दिशेने फिरवायचं. भिंगावर एकदाही बोट उमटलं नाही. भाता माझ्याकडे आला, साहजिकच. आत टॉर्च लावून जिथे जिथे प्रकाश फुटतो तिथे खडूने खुणा केल्या आणि मोडक्या छत्रीच्या कापडाची ठिगळं चिकटवली. दिवसभर दुकानात कापड, घरी आल्यावर पुन्हा कापड. पण अण्णांनी तो भाता उघड-मीट करून बघितला, दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, “बंद झाला.” त्यांच्या तोंडून हे म्हणजे शाबासकीच. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

यंत्र उभं राहिलं. नवऱ्याने कोणाचा तरी फिल्मचा कॅमेरा मागून आणला, घरातल्यांचेच फोटो काढले आणि फिल्म धुऊन आणली. मग प्रश्न आला जागेचा. पूर्ण अंधार हवा आणि जवळ पाणी हवं.

“बाथरूम,” नवरा म्हणाला.

मी म्हटलं स्वयंपाकघर. तर म्हणे केवढी मोठी खिडकी आहे. मी म्हटलं औषधांचा वास घरभर होईल, म्हटलं आंघोळीचे वांधे होतील, म्हटलं घरमालक ओरडेल. तो म्हणाला, “तुला ना, कशालाच हो म्हणवत नाही.” खरं कारण माझ्या जिभेवर होतं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चालेल की बाथरूम.” 

कमोडच्या झाकणावर जाड फळी, तिच्यावर एन्लार्जर. आंघोळीच्या जागी पाट ठेवून औषधांचे तीन ट्रे; ज्यात फोटो उमटतो तो डेव्हलपरचा. झरोक्याला काळा कागद, दाराच्या फटीला माझी जुनी शाल, आणि उजेडाला फोटोचा कागद खराब न करणारा लाल बल्ब. आत एकच माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा उरली. अण्णांना तेवढं उभं राहणं जमेना. तेव्हा त्यांची खुर्ची खिडकीपासून उठली आणि बाथरूमच्या दाराबाहेर आली. आत मुलगा, बाहेर बाप, मधे दार. यंत्राबरोबर आलेला टायमर काही केल्या दुरुस्त झाला नव्हता, म्हणून सेकंद अण्णाच मोजायचे, मोठ्याने, एका लयीत.

“टाकलास कागद? ट्रे हलव. खसाखसा नको, कोपरा उचल नि सोड.”

“अण्णा, काही दिसत नाहीये अजून.”

“दिसेल. घाई करू नकोस. काय दिसतंय?”

“कान. कान आला!”

सासूबाईंनी अख्ख्या संसारात ऐकलं नसेल एवढं बोलणं मी त्या एका महिन्यात ऐकलं. अण्णा जेवताना कागदाबद्दल बोलायचे. सकाळी दाढी करायला लागले. हे सगळं मला दिसत होतं आणि त्यांचा डावा पायही दिसत होता. लागली की तो पाय आधी हलायला लागायचा, मग ते दोन्ही हात मांड्यांवर दाबायचे, पण मोजणं थांबायचं नाही. उठून दार वाजवा म्हटलं तर ते जन्मात वाजवणार नाहीत. म्हणून मी वाजवायचे.

“ए, बाहेर ये! मला जायचंय!”

“नेमकं आत्ताच?” आतून.

“हो, नेमकं आत्ताच!”

तो चडफडत कागद काळ्या पाकिटात घालायचा, यंत्र उचलून बाहेर ठेवायचा. मी दोन मिनिटं आत नुसती नळ सोडून उभी राहायचे. मग अण्णा सावकाश म्हणायचे, “आता उघडलंच आहे, तर मीही जाऊन येतो.” असं प्रत्येक सुट्टीला, कधी दोनदा, कधी तीनदा. शेवटी नवरा एक दिवस गंभीर चेहरा करून म्हणाला, “तू एकदा डॉक्टरला दाखवून ये. हे नॉर्मल नाही.” अण्णा ताटात बघत राहिले. मी म्हटलं, दाखवते. हसावं की रडावं कळेना. बाईच्या जातीला आणखी काय काय अंगावर घ्यावं लागतं, असं वाटलं आणि त्या दोघांचाही राग आला.

शाळा सुरू व्हायच्या आधी आमच्या दुकानात गणवेशांचा डोंगर असतो. त्या दिवशी नवऱ्याची सुट्टी होती, माझी नव्हती, आणि मला लवकर निघायचं होतं. वरिष्ठ बाईंना सांगून ठेवलं होतं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि हाफ पँटींचा आणखी एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवून गेल्या. मी निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. बसमध्ये उभ्याने, मान धरून. सगळा वेळ डोळ्यांसमोर तो डावा पाय.

दार किल्लीने उघडलं. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते, पाठ माझ्याकडे, आणि मोजत होते. “अकरा... बारा... तेरा...” आवाज नेहमीसारखाच. खुर्चीच्या पायाशी थारोळं होतं. त्यातून एक ओघळ फरशीच्या उतारावरून माझ्या चपलांपर्यंत आला होता. पायजमा गुडघ्यांपर्यंत काळा पडला होता. किती वेळ ते तसेच बसले असतील कोण जाणे. कडेचं पाणी वाळायलाही लागलं होतं.

मी दाराकडे गेले, नेहमीसारखं वाजवायला. अण्णांनी हात वर केला.

“थांब,” हळूच म्हणाले. “आत्ताच कागद टाकलाय त्याने. उघडू नकोस.”

“अण्णा, मोजणं का थांबलं?” आतून आवाज आला.

“सतरा,” अण्णा म्हणाले. “अठरा.”

मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी दिलेला शब्द मला आठवत होता. पण आता ‘मला जायचंय’ म्हणून ओरडायचं, मग पुसायचं, मग पायजमा लपवायचा, मग पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. खोटं बोलायचासुद्धा मला कंटाळा आला होता. त्या म्हाताऱ्याचा जीव किती थकला असेल ते माझ्या थकव्यावरून मला कळत होतं. दाराला आतून शालच तेवढी होती, कडी लावलेली नव्हती. मी दार उघडलं.

पॅसेजमधलं संध्याकाळचं ऊन सरळ आत गेलं. “अगं! वेड लागलंय का तुला?” नवरा किंचाळला. त्याच्या हातात चिमटा होता. ट्रेमध्ये माझाच फोटो होता, तोंडात टाचण्या धरून शिवायला बसलेली मी. तो माझ्या डोळ्यांदेखत कडेकडून काळा होत चालला होता. आणखी काही बोलायला त्याने तोंड उघडलं आणि त्याला अण्णा दिसले. मग खालची फरशी दिसली. त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या सुट्ट्यांचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर लागत होता, तो मला दिसला.

मला वाटलं आता अण्णा ओरडतील, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. ते नाहीच ओरडले. मुलाकडे त्यांना बघवेना. त्यांनी मान वाकडी करून नुसतं ट्रेकडे बघितलं. कागदावर आता माझं काहीच उरलं नव्हतं.

“काळाभोर आला,” ते म्हणाले. “डेव्हलपर चांगला बनवलायस.”

नवऱ्याने चिमटा ठेवला. एन्लार्जर दोन्ही हातांनी उचलून पॅसेजमध्ये ठेवला, फळी काढली, झाकण वर केलं. मग खुर्चीपाशी येऊन त्या ओल्यातच उकिडवा बसला आणि म्हणाला, “अण्णा, चला.”

अण्णांनी स्वतःहून हात पुढे केला.