खंडीमागे दीड बाई

गोकुळाबाईचं नाव काढलं की माझी बायको म्हणते, "झालं, सुटली यांची गाडी!" सुटू दे. शाळेत कुणी शिकवलं नाही ते त्या बाईनं मला खळ्यावर शिकवलं, आणि तिला स्वतःला सही येत नव्हती!

१९५५ साल. चामोर्शीजवळच्या एका गावात मी नवाकोरा ग्रामसेवक. तलावाच्या पाळीखाली गुणवंतरावांची दोन एकर धानाची जमीन होती. एक एकर नेहमीसारखा रोवायचा, दुसरा जपानी पद्धतीनं, म्हणजे दोर धरून, ओळीत, ठरल्या अंतरावर. एकराला किती मजूर लागले ते मी तक्त्यात भरायचं आणि तक्ता नागपूरला धाडायचा. आमचे साहेब सांगत, देशाचा मजूर दिवसाला किती काम करतो हे दिल्लीला यातूनच कळणार आहे. मी तर फुगूनच गेलो होतो.

रोवणाऱ्या बाया बारा, त्यातलीच एक त्यांची म्होरकी गोकुळा. चाळिशीची, ढिवराच्या घरची. नवरा तलावात जाळं टाकायचा, ही रोजीनं जायची. चिखलात एकदा वाकली की दुपारपर्यंत कंबर सरळ करायची नाही, आणि तोंड मात्र सारखं सुरू!

पहिल्या दिवशी जुन्या पद्धतीच्या एकराला आठ बाया पुरल्या. दुसऱ्या दिवशी जपानी एकराला बाराही जणी लागल्या. मी शहाण्यानं शेऱ्यात लिहिलं, "मजूर मंद." वर गुणवंतरावांना वाचूनही दाखवलं!

ते म्हणाले, "मंग पुढच्या साली जुनीच रोवनी. आठ बाया बस झाल्या. गोकुळाबाई, चार जनी कमी कर."

हातातला रोपांचा जुडा तिनं बांधावर आपटला. "कोनाले कमी करू? रुखमाबाईले? तिच्या घरी दुसरी रोजी नाई. धान घरी येऊ द्या भाऊ, मंग बोलू. अन् साहेब, तवर तो कागद नागपूरले धाडू नोका!"

मी कागद ठेवून घेतला. खरं सांगतो, तिला भिऊनच.

पौषात मळणी झाली. खळ्यावर एकेका खंडीचा एकेक ढीग घातला. जुन्या एकराचे ढीग चार. जपानी एकराचे आठ! मी तीनदा मोजले. गुणवंतरावांना तर हसू आवरेना.

गोकुळानं पदर खोचला. आठ बायांना तिनं जुन्या ढिगांपाशी नेलं, एकेका ढिगाजवळ दोघी-दोघी उभ्या केल्या. "पाहा साहेब, खंडीले दोन बाया." मग बाराही जणी जपानी ढिगांकडे. आठ ढिगांजवळ स्वतःला धरून आठ बाया. उरल्या चौघी. त्यांना तिनं दोन-दोन ढिगांच्या मधे उभं केलं.

"ह्याच चौघीले काढत होते ना, भाऊ? आता ही अर्धी ह्या ढिगाची, अर्धी त्या ढिगाची. सांगा साहेब, खंडीले किती बाया?"

"दीड!" मी ओरडलोच.

"मंग मंद कोन हाय? जमीन मोजता, बाया मोजता, धान काऊन नाई मोजत?"

तिथंच बसून मी "मंद" खोडलं आणि नागपूरच्या तक्त्यात नव्हता तो रकाना हातानं आखला: खंडीमागे मजूर.

पण ही बाई एवढ्यावर थांबते होय? "भाऊ, आमाले रोजी दोन पायल्या धान देता. जुन्या एकरात खंडीमागं तुमाले चार पायल्या पडल्या. आता रोजी अडीच द्या. जपानीत तरी पावनेचारच पडते. तुमची पाव पायली वाचते, आमची अर्धी वाढते."

गुणवंतरावांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी कागदावर करून दाखवलं.

"अरे बापा, खरंच!" ते ढिगांकडे पाहत म्हणाले. "देतो अडीच! अन् पुढच्या साली दोन्ही एकर जपानी. एकाच दिवशी झाली पाह्यजे रोवनी, चोवीस बाया आन!"

खळ्यावर एकच गलका झाला. दोन ढिगांच्या मधे उभी असलेली रुखमाबाई तोंडाला पदर लावून रडत होती.

"रडून काऊन राह्यली वं?" गोकुळा तिच्यावर खेकसली. "तुमी चौघी निंगा आता. अजून बारा जनी पाह्यजे, शोधून आना!"