पहिला टक्का
कपाट आवरताना जुनी फ्लॉपी हाती लागली आणि वेल्ह्यातलं एक घर आठवलं. तेव्हा मी भोरहून एसटीनं कॉम्प्युटर दुरुस्तीला जायचो. त्या घरात एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहायच्या. त्यांच्या हार्ड डिस्कचे मी दोन भाग करून दिले, एक त्यांना आणि एक सुट्टीला येणाऱ्या लेकीला. फ्लॉपीवरच्या प्रोग्रॅमनं डिस्क पुसून तयार व्हायला दीड तास लागला. पडद्यावर झालेल्या कामाचे टक्के सरकत होते, खिडकीबाहेर तोरणा ढगात होता आणि बाई शाळेतल्या गोष्टी सांगत होत्या. महिन्याभरानं त्यांनी पुन्हा बोलावलं. मशीन व्यवस्थित चालत होतं. लेकीच्या भागात एकही फाईल नव्हती, बाईंच्याही नाही. "मागच्यावानी पुन्हा दोन भाग कर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, सगळं पुसलं जाईल." "पुसू दे की. हाय काय त्यात?" चहाचं आधण त्यांनी आधीच ठेवलं होतं. मी फ्लॉपी घातली. पहिला टक्का दिसला तशी त्यांनी खुर्ची ओढून शेजारी घेतली. आता हे काम अर्ध्या मिनिटात होतं. तरी परवा नवी डिस्क आणली तेव्हा मी मुद्दाम सावकाश चालणारा पर्याय निवडला, आणि चहा घेऊन टक्के बघत बसलो.