श्वास थांबल्याचा पुरावा

बोटाला चिमटा, नाकाखाली नळी, छातीवर पट्टा, आणि अशा अवतारात मला झोपायचं आहे. निदान चार तास तरी झोपा, असं शबाना मॅडमनी बजावलंय. दाराला आतून कडी घातली आहे. खिडकीला मी जुनी वाकळ टांगली आहे, वरच्या दोन खिळ्यांना, कारण बाहेर लख्ख दुपार आहे. मी दूध संघाच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. टँकर आला की दुधाची फॅट तपासते. माझं स्वतःचं वजन नव्वदीच्या घरात, तेव्हा फॅट तपासणाऱ्या बाईवर लोकांनी काय काय विनोद केलेत ते तुम्हाला सांगायला नको.

शबाना मॅडम म्हणजे मिरजेच्या हॉस्पिटलात इन्शुरन्सच्या टेबलावर बसतात त्या. तिथले डॉक्टर माझं पोट लहान करायचं ऑपरेशन करायचं म्हणतात. नाही केलं तर हृदय हे ओझं फार वर्षं ओढणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पदरच्या पैशांनी ते होणं नाही. संघाची पॉलिसी आहे, पण तिच्या अटी मॅडमना तीनदा सांगाव्या लागल्या, कारण पहिल्या दोन वेळा मला ती थट्टाच वाटली. उंची आणि वजन मिळून जो आकडा येतो तो चाळीसच्या वर असला तर सरळ रस्ता. माझा सदतीस. पस्तीसच्या वर असला तर जोडीला एखादा मोठा आजार लागतो: हाताबाहेर गेलेली साखर, हृदयाचं दुखणं, नाहीतर झोपेत श्वास अडणं, तेही चांगलंच. शिवाय पथ्यपाणी, चालणं, सगळं करून फसल्याचे कागद. ते माझ्याकडे ढीगभर आहेत. इथं नापास झालेलीच पास होते. साखर मात्र मेली चांगली आहे. हृदयही अजून धड आहे. राहिली झोप.

श्वास अडतो हे मला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली, घुसमटते आणि दचकून जागी होते. पण डॉक्टरांनी विचारलं, झोपेत श्वास थांबलेला घरात कुणी बघितलाय का? मुलगा पुण्यात असतो. बघणारा माणूस गेला, मी म्हटलं. मग त्यांनी झोपेतला श्वास मोजणारं हे मशीन दिलं.

बघणारा माणूस म्हणजे आमचे हे, हणमंत कदम. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. अंगानं काडी. आम्ही दोघं रस्त्यानं चाललो की लोक गालात हसायचे, आणि शालन आधी जाणार हे सगळ्या गावानं ठरवून टाकलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि हेच गेले. वीस वर्षं हा माणूस माझ्या शेजारी झोपला, आणि घोरता घोरता मी गप्प झाले की खांदा धरून हलवायचा. “कुशीवर हो.” मग वाकळेची गुंडाळी करायचा, टोकं आत खोचायचा आणि ती माझ्या पाठीला लावायचा, म्हणजे मी परत उताणी व्हायला नको. माझ्या घोरण्याचा यांना त्रास होतो, असं मी धरून चालले होते.

बाहेर भंगारवाला ओरडत जातो. शेजारच्या कुकरची शिट्टी होते. भंगारवाल्याचा आवाज लांब जातो, आणखी लांब, आणि त्याच्या मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो. मी उसाच्या गाड्यांच्या रांगेत उभी आहे.

चिमटा बोटाला तसाच आहे. माझ्या पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. माझी पाळी येते. मी काट्याच्या लोखंडी पत्र्यावर चढते. काचेआड हे बसलेत, अंगात आकाशी शर्ट, खिशाला पेन. मान वर न करताच सांगतात, भरल्या वजनाची नोंद झाली, आता रिकामी होऊन ये.

मी रिकामी कशी होऊ, असं मी विचारते. ते हसतात. काविळीत पिवळे पडलेले डोळे आता पांढरेशुभ्र आहेत. ते बघून मला एवढं बरं वाटतं की मी कशाला आलेय तेच विसरते.

काच आता नाही. मधे शबाना मॅडमचं टेबल आहे आणि मॅडमच्या खुर्चीत हे. मी त्यांना सगळं सांगते, सदतीस, पस्तीस, चाळीस, फसल्याचे कागद, मशीन. ऊसवाल्याची तक्रार ऐकावी तसे ते ऐकून घेतात. शेवटी म्हणतात, म्हणजे मरायला टेकलीस हे आधी दाखवायचं आणि मग ते तुला जगवणार. मी म्हणते, तसंच काहीसं.

“काट्यात खोट हाय,” ते म्हणतात.

“काट्यात न्हाई. खोट तुमच्यात हाय. तुम्ही मधे हात घालता.”

यावर ते चपापतात. या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या मापात हात घातला नाही, त्यापायी दोनदा बदलीची धमकी ऐकून घेतली. त्याला मी हे म्हणतेय. पण आता माघार घ्यायची नाही, असं मी ठरवते.

“आज मला हलवू नका,” मी म्हणते. “मशीनला दिसू दे एकदा.”

“काय दिसू दे?”

“श्वास थांबतो ते.”

ते पेनाचं टोपण काढतात, लावतात, परत काढतात. आम्ही संघाच्या शीतगृहात आहोत. ते दुधाच्या उलट्या क्रेटवर बसलेत आणि तोंडातून माझ्या एकटीच्याच वाफ निघतेय.

“आणि थांबलेला परत सुरू झाला न्हाई तर?”

“होतोय की. दोन वर्षं आपोआप होतोय.”

“आपोआप,” ते म्हणतात. “मग दोन वर्षं मी काय करतोय, शालन?”

मला रडू येतं, आणि रडण्याआधी राग येतो. इतकी वर्षं माहीत होतं तर जिवंतपणी एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? डॉक्टरकडे गेलो असतो, तपासलं असतं, आज असं तारांत गुरफटून पडायची वेळ आली नसती. मी हे सगळं त्यांना सुनावते. ते खाली बघत ऐकतात.

“सांगितलं असतं तर तू झोपली असतीस का?” ते विचारतात.

नसते झोपले. डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत पडले असते. त्यांच्या वाटणीची जाग त्यांनी घेतली आणि माझ्या वाटणीचीही, हे मला आता कळतंय, ते जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

“आज राहू दे,” मी तरीही म्हणते. “एकच दिवस. ऑपरेशन झालं की तुम्हाला पण सुट्टी.”

ते मान हलवतात, हो म्हणून का नाही म्हणून ते कळत नाही. पायाखाली परत पत्रा आहे. तो खाली चाललाय, हळूहळू, गाडी भरत जावी तसा. मी श्वास घ्यायला जाते आणि आत काही येत नाही. हेच ते, मी मनात म्हणते, मोज रे मशीन, मोज. काचेआडून ते उठून उभे राहतात. थांबा, मला सांगायचं आहे, बसा खाली, पण सांगायलाही श्वास लागतो. छाती दगड होते. मला भीती वाटते, साधी, लहान मुलीसारखी भीती, आणि त्या भीतीत मी पॉलिसी, आकडे, सगळं विसरते आणि त्यांनी यावं म्हणून हात पुढे करते.

खांद्यावर हात पडतो. “कुशीवर हो.”

डोळे उघडते तर खोलीत ऊन आहे. उतरतं ऊन, पार भिंतीपर्यंत आलेलं. खिडकी उघडी पडलीय, वरचे दोन खिळे रिकामे आहेत. मी डाव्या कुशीवर आहे. डोकं हलकं आहे, तोंड कोरडं नाही, दोन वर्षांत झोपले नव्हते एवढी मी झोपलेय. उताणी व्हायला जाते आणि होता येत नाही. पाठीला काहीतरी टेकलंय. हात मागे नेऊन चाचपते. वाकळ आहे, घट्ट गुंडाळलेली, दोन्ही टोकं आत खोचलेली. दाराची कडी आतून तशीच आहे.

फोन वाजतो. शबाना मॅडम. झोप लागली का, विचारतात.

लागली, हीच पंचाईत झाली, मी सांगते. सगळी झोप कुशीवरच झालीय.

त्या सुस्कारा सोडतात. कुशीवर झोपलं की श्वास कमी अडतो, मग आकडा कमी येतो, आणि कंपनी तोच आकडा धरून बसते. डॉक्टरांशी बोलून उद्या परत मशीन ठेवू, पण उद्या पाठीवरच झोपायचं, काही झालं तरी. मी बरं म्हणते. मग त्यांना काही आठवतं.

“झोपेत लक्ष ठेवायला घरात कुणी असतं का हो तुमच्या सोबतीला?”

“असतात,” मी म्हणते. “पण उद्या येऊ नका म्हणून सांगणार आहे.”

फोन ठेवते. खिडकीला परत वाकळ लावायला हवी, ऊन डोळ्यांवर येतंय. मी गुंडाळीला पाठ टेकून तशीच पडून राहते.