हिरवी गाडी अन् लाकडी चिमटा

ती हिरवी गाडी आजही डोळ्यासमोर येते मले. रिटायर होऊन वर्षं झाली तरी.

पाचवी शिकलेली मी. नवरा पोलिसात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मले आरक्षक, म्हंजे शिपाई, केलं. त्याच्या आधी चार घरचे कपडे धुतले, दोन पोट्ट्या वाढवल्या. रडत बसाले टाइम नव्हता. थान्यात लिहापढीचं काम मले कोणी देत नसे. चहापाणी अन् बायांची तलाशी, एवढंच.

शुक्रवारी दुपारी एक काकू आल्या. मराठीच, चार पिढ्यांपासून रायपूरच्या. वडिलांची जुनी छोटी हिरवी गाडी त्या स्वतः चालवत. असल्या गाडीवाल्यांचा इथं क्लब आहे, नवा रायपूरच्या मोठ्या रस्त्यावर रविवारी सगळे गाड्या काढतात. त्या रविवारच्या रॅलीत काकूंची गाडी सगळ्यांच्या पुढं राहणार होती. त्या गोल बाजारात गेल्या, तेवढ्यात अंगणातून गाडी गायब.

"बाई, पार्ट पार्ट करून विकतील तिले," काकू म्हणाल्या. "बाबांचं तेवढंच उरलं माझ्यापाशी."

थान्याचे मोठे साहेब, टीआई, त्यांच्यासंग मी काकूंच्या अंगणात मौक्यावर गेली. साहेब टायरचे निशाण पाहून राहिले होते, मी कपड्यांची दोरी पाहून राहिली होती. ओली साडी एकाच चिमट्यावर लटकलेली, दुसरं टोक मातीत. धुणं वाळवणारी बाई असं करत नाई.

"काकू, इथला चिमटा कुठं गेला?"

काकूंनी दोरीकडं पाहिलं. "गाडी चालू कराले चोकचा दांडा बाहेर ओढावा लागते. तो टिकत नाई, सरकून आत जाते. म्हणून मी त्याले चिमटा लावते. ह्याच दोरीवरचा. क्लबातल्यांशिवाय कोणाले माहीत नाई."

मी साहेबांना म्हटलं, "नेणाऱ्याले हे ठाऊक होतं. क्लबातलाच कोणी आहे."

"चिमटे से चोर पकड़ोगी, दीदी?" साहेब हसले.

शनिवारी मुखबिरानं खबर दिली, हिरवी गाडी गुढ़ियारीत शिरताना दिसली. तिथं गोदामंच गोदामं, कोणतं उघडायचं? काकूंच्या गाडीले हात लावणारे क्लबातले तिघं थान्यात बोलावले. साहेबांनी दोन घंटे पूछताछ केली, कोणी हलला नाई. मग मी चहा घेऊन गेली अन् एकच गोष्ट विचारली.

"भैया, काकूंची गाडी चालू कशी होते?"

दोघं तर भांडालेच लागले.

"चिमटा लाकडीच पाहिजे. प्लास्टिकचा घसरते."

"तूच तर प्लास्टिकचा लावून भर चौकात बंद पाडली होती."

तिसरा ती गाडी दहा वर्षांपासून दुरुस्त करत होता. तो कपात पाहत म्हणाला, "मले नाई माहीत, दीदी. चावी फिरवत असतील."

दोघांनी भांडण सोडून त्याच्याकडं पाहिलं. एक हळूच म्हणाला, "अबे, चिमट्याची युक्ती तूच तर काढली."

तिसऱ्यानं कप खाली ठेवला. त्याची स्वतःची तशीच गाडी इंजिनाच्या पार्टासाठी दोन वर्षांपासून उभी होती. पार्ट कुठंच भेटत नव्हते. गोदामाचा पत्ता सांगून तो म्हणाला, "आज संध्याकाळी खोलणार होतो."

जीप गुढ़ियारीत पोचली. शटर वर झालं. बोऱ्यावर नट खोलायचे पाने मांडून ठेवलेले, बाजूले गाडी, अख्खी. मी नोकरीत कधी पळाली नव्हती, तिथं पळाली. दार उघडलं, चोकवर चिमटा तसाच.

"दीदी, जप्ती तुम लिखो," साहेब म्हणाले. सगळ्यांसमोर मी लिहिलं: लाकडी चिमटा, एक नग.

कोर्टातून गाडी सुटेपर्यंत क्लबानं रॅली थांबवली. चिमटा पुरावा म्हणून थान्याच्या मालखान्यातच राहिला. रॅलीच्या सकाळी मी माझ्या दोरीवरचा एक काढून नेला. काकूंनी मले बाजूले बसवलं, चोक ओढला, चिमटा मीच लावला. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली.

लोकांचे कपडे धुतले हे मी थान्यात कोणाले सांगत नसे, लाज वाटे. त्या केसनंतर सांगाले लागली.